बिनभात्याच्या पेटीबद्दल खरा दाखला

मी, सोमलिंग हणमंतप्पा कलशेट्टी, वय वर्षे चौसष्ट, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार मुरूम, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, आज सोमवार ता. ९ मार्च १९८७ रोजी सकाळचा चहा घेऊन, डोके जागेवर ठेवून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी भीती घातलेली नाही, आणि मी नशापाणी करीत नाही हे गावाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला आणि "जपा" म्हणाले. काय जपायचे ते त्यांनी सांगितले नाही, म्हणून मीच ठरवून लिहीत आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे का अशी शंका कोणाला आल्यास त्याने कोणताही रेडिओ माझ्यापुढे आणून ठेवावा. झाकण न काढता नुसत्या खरखरीवरून मी दोष सांगेन. एकाच दोषाबाबत मी चार वर्षे चुकलो आणि त्या चुकीपायी एका निर्दोष बाईचे नाव खराब केले. हे मृत्युपत्र मुख्यतः तेवढ्यासाठी आहे. घर-दार त्यामागून आले आहे, पण रीत म्हणून ते आधी लिहितो.

१९७९ साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात दुकान माझा धाकटा भाऊ ईरण्णा याच्या नावे होते. तेव्हा माझी बुद्धी शाबूत होती असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कलम १. दोन खणांचे दगडी घर माझ्यामागे माझी पत्नी गंगम्मा हिचे राहील, आणि तिच्यामागे अक्कलकोटला दिलेली आमची मुलगी चन्नम्मा हिचे. गंगम्माने घर विकू नये अशी अट मी घातली होती. मी मोठ्याने म्हणत लिहीत असताना ती मागे उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "तुमी तर नसणार. मग मी काय करायचं ते मला ठरवू द्या की." अट काढून टाकली आहे.

कलम २. पोस्टात आणि पतपेढीत जे काही असेल ते गंगम्माचे. आकडा लिहीत नाही. आकडा कानावर पडला की माणसे रडायची थांबून बेरीज करायला लागतात.

कलम ३. माझी हिरवी सायकल ईरण्णाला देतो. ती त्याने १९६८ साली मुरूमच्या बाजारातून येतो म्हणून घंटाभरासाठी नेली, ती अजून त्याच्याकडेच आहे. आता ती कायद्याने त्याची झाली, त्याने निवांत झोपावे. दुकानावर मात्र त्याचा काडीचाही हक्क नाही. "दुकान परक्याला दिलं तर गल्ली काय म्हणंल?" असे तो म्हणणार हे मी आत्ताच ऐकू शकतो. गल्लीचे काय, गल्ली काहीबाही म्हणतच असते.

कलम ४. आमच्या लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे मला बसवून समाधी द्यावी. लाऊडस्पीकर लावू नये. लावायचाच झाला तर खरखर करणारा लावू नये, मला उठून यावे लागेल.

कलम ५. आता बिनभात्याच्या पेटीविषयी. ही पेटी माझ्या मालकीची नाही, त्यामुळे ती मी कोणाला देऊ शकत नाही. ती आमच्या नदीचे नाव घेतलेल्या बेन्नीतुरा वादक सहकारी संस्थेची आहे. पण तिची हकिकत माझ्याशिवाय कोणी खरी सांगू शकत नाही, म्हणून ती या कागदात घालणे भाग आहे.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी रेडिओ विकून खाल्ले, दुरुस्त कोण करणार? मी दुकानाला कुलूप घालून पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलो. तिथे माझ्या शेजारी उत्तरेश्वर बनसोडे बसायचा. तो बौद्धवाड्यातला, कलापथकात गाणारा. त्याच्या गळ्यात असे काही होते की दुपारी तो गायला लागला की मुकादमसुद्धा हजेरीची वही मिटून बसायचा. त्या कामावर सुकडी एकाच कढईतून वाटत. ईरण्णाने आणि आमच्या गल्लीतल्या चौघांनी पहिले दोन दिवस ती घेतली नाही. तिसऱ्या दिवशी घेतली. पोटाला कोण जात विचारतो! तिथेच वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांनी ठरवले की पाऊस आला तर आपली एक संस्था काढायची. पाऊस आला, संस्था निघाली, पंचाहत्तर साली नोंदली गेली. गावात वजन असलेले नानासाहेब चेअरमन झाले, उत्तरेश्वर मुख्य गायक, आणि लाऊडस्पीकरची देखभाल माझ्याकडे आली.

ऐंशी साली सोलापूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून संस्थेने सिंथेसायझर घेतला. जपानी, आधीच सहासात वर्षे वापरलेला. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर बटणांच्या चार ओळी. भाता नाही, सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या नाहीत, तारा नाहीत. तो माझ्या दुकानात टेबलावर ठेवला, वायर जोडली आणि उत्तरेश्वरची मुलगी प्रेमा हिने भीत भीत एक पट्टी दाबली. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती, बापाच्या मागे हार्मोनियम वाजवायची.

तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि त्याला फार दिवस राहिले आहेत असेही नाही. पेट्रोमॅक्सला पंप मारल्यावर उजेड चढत जातो तसा तो चढत गेला. प्रेमाने एक बटण फिरवले तर तो रुंद झाला, दुसरे फिरवले तर पातळ होऊन छताला लागला. दुकानाबाहेर माणसे थांबली. एक म्हातारी चपला काढून उभी राहिली. मी तीस वर्षे रेडिओ उघडत आलो, पण रेडिओतून बोलणारा माणूस कुठेतरी असतो, मुंबईला असेल, सिलोनला असेल. ह्यात कुठेच कोणी नव्हते. उत्तरेश्वरने पेटीला कान लावला, मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आरं सोमलिंग, यात कुणीच न्हाय, अन् तरी गातंय की रं!" माझे वडील सांगत, शून्य म्हणजे रिकामे नव्हे. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

कलम ६. पेटी स्वतः मुकी असते. तिच्या मागच्या पत्र्यावर आवाज बाहेर पडायची दोन गोल भोके आहेत, त्यांना जॅक म्हणतात. एक मोठ्या आवाजाचा, एक बारीक आवाजाचा. त्यात वायरची पिन घालायची, वायर अॅम्प्लिफायरला जोडायची. आत एक लवचिक पत्ती असते, ती पिनेला टेकली की आवाज पुढे जातो. ती टेकली नाही की आत कितीही गाणे असो, बाहेर शांत. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण सगळी भानगड त्या पत्तीची आहे.

पेटी कोरड्या जागी राहावी म्हणून ती माझ्या दुकानात ठेवीत. कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी त्याला विभूती लावायची ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. ओली विभूती, तीन बोटे, तीन रेघा. रेडिओच्या लाकडी खोक्याला लावली, काही बिघडले नाही. ह्या पेटीला तर मी दर सोमवारी लावू लागलो. आणि कुठे लावू? जिथून तो आवाज निघतो तिथे. त्या दोन भोकांवरून, आडव्या तीन रेघा, भरपूर ओल्या. वाळल्या की पुन्हा. हात जोडून उभा राहत असे. गंगम्मा एकदा म्हणाली, "अय्यो शिवा, माझ्याकडं कधी असं बघितलं न्हाय!"

खरे आहे. नव्हते बघितले.

कलम ७. ब्याऐंशी सालच्या डिसेंबरात एका साखर कारखान्याच्या गळीत हंगामाच्या कार्यक्रमाला संस्थेला बोलावणे आले. पाहुणे मोठे, मांडव मोठा, चार गावची माणसे. आदल्या दिवशी मी पेटी तपासली, पुसली, विभूती लावली. कार्यक्रमात उत्तरेश्वरने तान घेतली, प्रेमा साथीला होती, आणि मध्येच पेटी गप्प झाली. नुसती करकर. पुन्हा थोडा आवाज, पुन्हा गप्प. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कोणी चप्पल फेकली. उत्तरेश्वर तसाच साथीशिवाय गात राहिला आणि शेवटी बसला.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी कमिटी बोलावली. दोष कोणाचा? माझ्याकडे लेखी दाखला मागितला. प्रेमा माझ्याकडे दुकानात आली. उभ्या उभ्याच बोलली.

"अण्णा, म्या पिनला हात बी लावला न्हाय. करकर वायरची नव्हं. वायरची करकर हालवल्यावर येती, ही आपोआप येत व्हती. आत कायतरी बसलंय. त्या भोकात बघा."

मी म्हणालो, "तीस वर्षं झाली मला या धंद्यात. तू शिकवणार व्हय मला?"

"शिकवत न्हाय. ऐकू आलं ते सांगते."

तिला ऐकू आले होते. मला आले नव्हते. आणि तिथेच माझे पित्त खवळले, कारण खरखरीवरून दोष सांगणारा गावात मी एकटा होतो. जॅक पत्र्यावरून सोडवायचा तर त्याचा नट गंजून बसलेला, जपानी वस्तू मोडली तर नाव जाईल, शिवाय आदल्या दिवशी पेटी पास करणाराही मीच. मी भोकात बघितले नाही. कागद घेतला आणि लिहून दिले: "वाजवणाराने पिनेस वारंवार हिसके दिल्याने जॅक निकामी झाला. निष्काळजीपणा." खाली सही, दुकानाचा शिक्का.

त्या कागदावर कमिटीने प्रेमाला पेटीवरून उठवले आणि सभासदत्वातूनही काढले. ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. सूर काढणारी बोटे हातोडीला जुंपली, ती माझ्या एका सहीने. आजूबाजूच्या पंचक्रोशीत "पेटी मोडणारी" म्हणून तिचे नाव झाले, कार्यक्रमाला कोणी बोलावीना.

कलम ८. हे कलम लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यालो.

चौऱ्याऐंशी साली उत्तरेश्वर आजारी पडला. त्या दाखल्यानंतर तो माझ्या दुकानाची पायरी चढला नव्हता आणि गाणेही त्याने सोडले होते. मी भेटायला गेलो. प्रेमाने पाणी दिले आणि बाहेर जाऊन बसली. उत्तरेश्वरने माझा हात धरला आणि विचारले, "सोमलिंग, खरं सांग. माझ्या पोरीनं खरंच हिसका मारला व्हता का रं?"

मी म्हणालो, "व्हय."

त्याने हात सोडला नाही. सोडला असता तर बरे झाले असते. चार दिवसांनी तो गेला.

मला तेव्हा खरे माहीत नव्हते, असे कोणी माझ्या बाजूने म्हणेल. माहीत नव्हते हे बरोबर. पण मी बघितलेही नव्हते, आणि न बघता 'व्हय' म्हणालो. खोटे बोलण्याहून हे हलके की भारी ते देवाने तोलावे.

प्रेमाच्या जागी लातूरचा एक वाजवणारा आणला होता. त्याच्या हातीही पेटी तीनदा मुकी झाली. तरी मी शहाणा झालो नाही. वायर बदलली, पिन बदलली, अॅम्प्लिफायर बदलला. प्रत्येक दुरुस्तीआधी विभूती लावली, नेहमीपेक्षा जास्तच. जितकी भक्ती वाढली तितका आवाज कमी झाला. शेवटी संस्थेने पेटी कायमची माझ्या दुकानात टाकली.

कलम ९. गेल्या श्रावणात, म्हणजे शहाऐंशी साली, दोन्ही जॅक एकदम बंद पडले. तलाव कोरडा, दुकानात काम नाही, हाताला चैन पडेना. म्हटले, आता मोडली तर मोडली. नटावर दोन दिवस रॉकेल सोडले, पाना लावला, कर्र करून नट सुटला. पहिला जॅक बाहेर काढला.

आत करड्या रंगाची पुटे. थरावर थर, भांड्याला पाण्याचा क्षार बसतो तशी. पत्ती त्याखाली दिसेना. मला वाटले जपानी रसायन असेल. नखाने थोडे खरवडले आणि आमच्या धंद्यातल्या जुन्या खोडीप्रमाणे जिभेला लावले.

मी ती चव ओळखतो. साठ वर्षे रोज सकाळी कपाळाला लावता लावता थोडी ओठावर पडते. माझीच विभूती.

मी दुसरा जॅकही काढून बघितला, तिथेही तेच. पत्ती पुटाखाली अडकलेली. पिन नवी घातली की घासून थोडा वेळ टेकणार, मांडवातल्या धक्क्याने आणि गारव्याने पुन्हा सुटणार. म्हणून दुकानात चालायची आणि कार्यक्रमात मरायची. प्रेमाने चार वर्षांपूर्वी उभ्या उभ्या, हात न लावता, नुसते ऐकून हेच सांगितले होते. माणसाच्या कानात एवढी ताकद असते! मला माझ्या चुकीची लाज वाटली, पण खरे सांगतो, त्याआधी त्या पोरीच्या कानाचे आश्चर्य वाटले.

मग मी दुरुस्ती केली. बारीक आवाजाचा जॅक स्पिरिट आणि ब्रशने साफ झाला, पत्तीला चिमट्याने पुन्हा ताण दिला. मोठ्या आवाजाच्या जॅकची पत्ती खाऊन गेली होती. तसला जॅक सोलापुरात मिळेना. एका भंगार रेडिओच्या बँड स्विचमधली पत्ती काढली, कानशीने घासून मापात आणली, तिला बाक दिला, राळ लावून डाख दिला. अकरा वेळा मोडली, बाराव्या वेळी बसली. पिन घातली तर 'टक्' असा आवाज आला, दाराची कडी नीट बसते तसा. विभूती लावायला हात आपसूक गेला होता. मागे घेतला.

मग एक पट्टी दाबली. आवाज आला. पूर्ण, गुळगुळीत, एक कणभर करकर नाही. मी पट्टी सोडीना. तो आवाज माझ्यावर रागावलेला नव्हता. मी त्याच्या तोंडात सहा वर्षे राख कोंबली आणि तो आत तसाच्या तसा थांबला होता. मी टेबलावर डोके ठेवून रडलो.

एवढे होऊनही मी गप्प राहिलो. पेटी सुरू झाली म्हणून नानासाहेबांनी माझा सत्कार केला, नारळ आणि टोपी दिली. मी ती घेतली. सात महिने झाले. ती टोपी कोणालाही देत नाही, ती जाळावी.

कलम १०. म्हणून माझे दुकान, त्यातली सर्व हत्यारे, मीटर, दोन सोल्डरिंग आयर्न, सुट्या भागांचे डबे आणि गिऱ्हाइकांनी विसरलेले रेडिओ, हे सर्व माझ्यामागे प्रेमाबाई उत्तरेश्वर बनसोडे हिला द्यावे. आणि वरील कलमे ५ ते ९ संस्थेच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावीत.

येथे मृत्युपत्र संपले असे मी समजलो होतो.

पुढचे ता. १६ मार्च रोजी लिहितो. गंगम्माने मला हे सर्व वाचून दाखवायला लावले. वाचून झाल्यावर तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "साकु! पुरे झालं तुमचं लिहिणं. त्या पोरीला बोलवा." मी म्हणालो, माझ्यामागे कळेलच तिला. तिने ऐकले नाही, स्वतः जाऊन रस्त्याच्या कामावरून प्रेमाला घेऊन आली. प्रेमाच्या पदरावर खडीची धूळ होती. मी उभा राहून पाच ते दहा कलमे वाचली. बसून वाचण्याची हिंमत झाली नाही.

आठव्या कलमाला, उत्तरेश्वरच्या प्रश्नापाशी, तिने तोंडावर हात ठेवला. विभूतीपाशी ती हसली. हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, "कपाळाला लावायची ती माझ्या नशिबाला लावली व्हय, अण्णा!" दहावे कलम वाचले तेव्हा ती उठूनच उभी राहिली.

"म्हंजे तुमी मेल्यावर मला दुकान. मेल्यावर माझं नाव चांगलं."

"व्हय, पोरी."

"मग आता म्या तुमच्या मरणाची वाट बघत बसू व्हय?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"एका बापाला वाट बघायला लावली तुमी. तो गेला. म्या न्हाय वाट बघायची. खोटं जितेपणी लिहिलं तर खरं बी जितेपणी बोला. सभेत. सगळ्यांम्होरं. तुमच्या तोंडानं."

गंगम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोलली."

मी म्हणालो, सभा येत्या रविवारी आहे. मला भीती वाटते. प्रेमा म्हणाली, "वाटू द्या की. मला चार वरसं वाटली."

पुढचे ता. २४ मार्च रोजी लिहितो. रविवार ता. २२ ला बेन्नीतुरा वादक सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा शाळेच्या पटांगणात झाली. मी हे कागद घेऊन उभा राहिलो आणि पाचपासून नऊपर्यंत सर्व वाचले. ईरण्णा पहिल्याच रांगेत होता, मध्येच उठून गेला. विभूतीच्या जागी काही तरुण हसले, पण उत्तरेश्वरचा प्रश्न आला तेव्हा तेच तरुण खाली बघू लागले. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "दाखला खोटा होता. पोरीचा दोष नव्हता. माझा होता."

नानासाहेब माणूस वाईट नाही, पण चेअरमन आहेत. ते म्हणाले, "अण्णा, झालं गेलं. आता जुनं उकरून काय उपयोग?"

मागून प्रेमाचा आवाज आला. "उकरलं म्हणून तर आवाज आला की, नानासाहेब."

कोणी तरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. ठराव झाला, प्रेमाबाईचे नाव सभासदांत परत घेतले, आणि वहीत तो दिवस, वार, कारण लिहिले. कारण मी स्वतः सांगून लिहवून घेतले, कोणाच्या भिडेखातर सौम्य होऊ दिले नाही.

मग ती पटांगणात आणून ठेवलेल्या पेटीपुढे बसली. मी तिच्या हातांकडे बघत होतो. बोटांची पेरे जाड झालेली, दोन नखे काळी. पहिला सूर चुकला. दुसराही घसरला. लोक अवघडले. तिने हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर चोळले, जरा वेळ डोळे मिटून बसली, आणि पुन्हा सुरू केले.

मी तिथे काय ऐकले ते मला लिहिता येत नाही. मला दुरुस्त्या येतात. एवढे लिहितो की ती तिच्या बापाची चाल होती, पाझर तलावावर दुपारची गायची ती, आणि त्या पेटीतून ती अशी निघाली की खडी फोडणाऱ्या बायका, ज्या तिच्यासोबत कामावरून आल्या होत्या, त्या एकेक करून खाली बसल्या. जाड बोटांमुळे प्रत्येक सूर थोडा उशिरा सुटायचा, आणि उशिरा सुटल्यामुळे पुढच्याच्या गळ्यात पडायचा. तसे तरुणपणी ती वाजवीत नव्हती. चार वर्षांची सगळी खडी त्यात होती. मी दोन्ही जॅकवर डोळे लावून होतो, आता जातो आवाज, आता जातो. गेला नाही. शेवटपर्यंत गेला नाही. हे मी माझ्या हाताने केले आणि तरी ते माझ्या हाताचे नव्हते. माणसाला जन्मात एकदा असे काहीतरी ऐकू येते आणि त्यानंतर तो लहान होऊन घरी जातो. मी लहान होऊन घरी गेलो.

कलम ११. कलम १० रद्द करतो. दुकानाची किल्ली मी काल, सोमवारी, प्रेमाबाई बनसोडे हिला जिवंतपणी दिली आहे, तसा वेगळा कागद करून दिला आहे. ती बाकावर बसते, मी स्टुलावर. आल्या आल्या तिने माझ्या हातातले दोन रेडिओ काढून घेतले आणि म्हणाली, "तुमी ऐका, म्या उघडते." मग म्हणाली, "न्हाय, उलटं करू. म्या ऐकते, तुमी उघडा." त्यामुळे या मृत्युपत्रात तिच्यासाठी देण्यासारखे काही उरलेले नाही. उरले ते घर, पोस्टातले, आणि ईरण्णाची सायकल.

कलम १२ व शेवटचे. काल दुकान बंद करताना मी प्रेमाची माफी मागितली. सभेत दिली ती कबुली सगळ्यांसमोर होती, ही माफी फक्त तिची. तिने कुलूप लावले, ते ओढून बघितले, आणि म्हणाली, "बघू."

आज सकाळी ती माझ्या आधी दुकानात आली होती.

तिचे ते "बघू" मात्र मी कोणाच्याही नावे करीत नाही. ते माझ्यापाशी राहील, जितके दिवस आहेत तितके दिवस.

वरील मजकूर माझ्या हाताने, माझ्या शुद्धीत, तीन बैठकांत लिहिला. खोडाखोड आहे ती माझीच आहे आणि ती खरी धरावी.

सही: सोमलिंग हणमंतप्पा कलशेट्टी

आमच्यासमोर सोमलिंग अण्णांनी सही केली. सही करताना त्यांनी आमचा आधार घेतला नाही.

साक्षीदार १: तात्याराव गुंडेराव देशमाने, निवृत्त मुख्याध्यापक, मुरूम
साक्षीदार २: सिताबाई शंकर ढोबळे, परिचारिका, मुरूम

(प्रेमाबाईने साक्षीदार म्हणून सही करण्याची तयारी दाखवली होती. या कागदात तिचा संबंध असल्याने ती घेतली नाही. ती बाहेर ओट्यावर बसून होती.)

मुक्काम मुरूम, ता. २४ मार्च १९८७